बाळाराम भोईरचे पंचे

बाळाराम भोईरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रसायनीच्या आमच्या कारखान्याच्या गेटाशी उभा राहून स्वतःच्या सायकलशी भांडत होता. "तुला काय झालं गं? मी दमलो तं ठीक हाय, तू कशापायी दमलीस?" असं तिला म्हणत तो पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ करत होता. मी साताऱ्याकडून नोकरीला नवाच आलो होतो, स्टोअर्समध्ये कारकून होतो आणि मोहोपाड्याला स्टाफ कॉलनीत राहत होतो. हा माणूस रोज कर्जतच्या भिसेगावाहून चौक गावावरून सायकलने कामावर येतो आणि सायकलनेच परत जातो, हे मला शेजारच्याने सांगितलं. मला ते खरं वाटलं नाही. तेवढा रस्ता एकदा मारायचा तर माणूस आदल्या दिवशीपासून ठरवेल. हा पाळीला येत होता.

उंच, काटक, गालफडं बसलेला आणि चेहऱ्यावर कायमचा शीण. झोपून उठला तरी दमलेला दिसायचा. बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा उसाशाने व्हायची आणि शेवट "चला, उरकू या" असा. जेवण, पाळी, कुणाच्या घरचं लग्न, सायकलची शर्यत, सगळं त्याच्या लेखी उरकायचं असे. मी एकदा विचारलं, "बाळारामदादा, एवढा कंटाळा येतो तर शर्यतीत उतरता कशाला?"

"कंटाळा शर्यतीचा नाय रं, सातारकर," तो म्हणाला. मला तो शेवटपर्यंत सातारकरच म्हणाला. "सायकलीवर बसलो ना, का तेवडाच येळ येत नाय. बाकी दिसभर हायेच."

त्याच्याच नादाने मीही शर्यतीत उतरायला लागलो. जिल्ह्यात सायकलवाल्यांचा एक संघ होता. वर्षातून एकदा हिवाळ्यात संघाची मोठी शर्यत व्हायची. कर्जतहून निघायचं, पळसदरीवरून खोपोली गाठायची, तिथून मुंबई-पुणे रस्त्याला लागून खालापूर, चौक, आणि चौकाला वळून परत कर्जत. बाळाराम दरवर्षी तिसरा किंवा चौथा यायचा. पहिला बहुतेक सदू ठोंबरे. हा खोपोलीच्या एका गिरणीत कामाला असलेला, बाळारामपेक्षा बराच लहान, हसरा आणि वाऱ्यासारखा सुटणारा गडी. सदू बाळारामला दादा म्हणायचा आणि चढावर त्याच्या मागे चिकटून दम राखायचा. मग सपाटीला लागला की "येतो, दादा" म्हणून निघून जायचा. बाळाराम म्हणायचा, "जा बाबा. कुनीतरी लवकर पोचलेलं बरं."

संघाचे अध्यक्ष मोठे गृहस्थ होते. त्यांना सायकल चालवताना कुणी पाहिलं नव्हतं, पण शर्यतीच्या पुढे त्यांची जीप असायची. आधी अध्यक्षांची जीप, तिच्या मागे सेक्रेटरींची, मग आम्ही. रस्त्याचं काम चालू असलं की दोन्ही जिपांची धूळ आमच्या नाकातोंडात जायची. वाटेत पाण्याची सोय नसे. आम्ही दरवर्षी मागायचो आणि सेक्रेटरी दरवर्षी मनापासून म्हणायचे, "या खेपेला राहिलं. पाणी पुढच्या वर्षी नक्की." वाईट माणूस नव्हता तो. पुढच्या वर्षावर त्याचा खरोखर विश्वास होता.

एका वर्षी असं झालं की सदू, बाळाराम आणि मागोमाग आम्ही चारसहा जण कर्जतच्या मैदानात पोहोचलो तर तिथे कुणीच नाही. फीत नाही, टेबल नाही. एक म्हैस मात्र होती. अध्यक्ष खालापूरला कुणाच्या तरी बंगल्यावर जेवायला थांबले होते. आम्ही सायकली आडव्या टाकून सावलीला बसलो. सदूने शर्ट काढून वाळत घातला. बऱ्याच वेळाने जिपा आल्या. सेक्रेटरी धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, एवढं करा. त्या वळणापर्यंत मागे जा आणि पुन्हा या. साहेबांना शेवट बघायचा आहे. फोटोग्राफरही आलाय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता बाळाराम काहीतरी बोलेल. तो उठला, धोतराची माती झटकावी तशी चड्डी झटकली आणि म्हणाला, "चला, उरकू या."

आम्ही गेलो आणि परत आलो. फोटोग्राफरने फोटो काढला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत सदूचा शर्ट उलटा आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी भिसेगावला त्याच्या घरी गेलो, तर ओटीवर पांढऱ्या पंच्यांची चळत होती आणि यमुनावहिनी, म्हणजे त्याची बायको, मांडी घालून दाढीच्या पात्याने काहीतरी कापत होत्या. कारखान्याच्या दवाखान्यात एक्स-रेच्या जुन्या फिल्मा फेकून देत. त्या सोड्यात धुतल्या की वरचं काळं निघून जातं आणि खाली स्वच्छ, चिवट कागदासारखं काहीतरी उरतं. त्यातून अक्षरं कोरायची, ती फिल्म पंच्यावर ठेवायची आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. बाळारामने हे कुठे पाहिलं होतं ते माहीत नाही. पण कोरायचं काम वहिनींचं, कारण त्याचा हात थरथरायचा.

"आवो, येवडं मोठं कोन कापील?" वहिनी त्याला म्हणत होत्या. त्याने कागदावर पाचसहा ओळी लिहून दिल्या होत्या. जीप, जेवण, म्हैस, फोटो, सगळं त्यात होतं. "कमी ल्हिवा. ज्या अक्षराला प्वाट हाय त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतोय. आन् ही वरची रेघ कशाला? रेघ नको."

त्याने कागद घेतला, विचार केला, एकेक ओळ खोडली. वहिनी वाट बघत होत्या. शेवटी उरलं ते असं:

शर्यत संपली. अध्यक्ष आले की पुन्हा संपवू.

बाळारामच्या विनोदाचं लोक पुढे कौतुक करायचे की किती थोडक्यात बोलतो. ते थोडक्यात यमुनावहिनींचं होतं.

पंचे सायकलवाल्यांसाठी केले होते. गळ्यात टाकायचे, घाम पुसायचा. पण कापड चांगलं होतं, त्यामुळे बाजाराच्या दिवशी कर्जतला ते कुणीही घेऊ लागलं. शेतावर जाणारा माणूस डोक्याला गुंडाळून जायचा आणि त्याच्या कपाळावर नेमकं 'पुन्हा संपवू' एवढंच दिसायचं. पुढच्या खेपेला 'पाणी पुढच्या वर्षी' असा पंचा निघाला. त्याला तर सायकलचं काही माहीत नसलेल्या गावांतून मागणी आली, कारण पाण्याचं तसं आश्वासन बहुतेक गावांना मिळालेलं होतं. मग 'जीप पहिली, आम्ही दुसरे'. मग 'घाम आमचा, हार त्यांचा'. हा पंचा अध्यक्षांच्या ड्रायव्हरनेच विकत घेतला आणि जीपच्या सीटवर अंथरला. अध्यक्ष महिनाभर त्याच्यावर बसून फिरले, असं सगळीकडे सांगत. कितपत खरं ते देव जाणे, पण बाळारामला विचारलं की तो म्हणायचा, "बसूं दे. कापड मऊ हाय."

आम्ही सगळे ते पंचे गळ्यात घालून शर्यतीत उतरायला लागलो. कडेला उभे असलेले लोक आमच्याऐवजी पंचे वाचायचे. हसायचे, ओरडायचे, "पानी मिळालं का रं?" आणि आम्हीही तहानलेल्या घशाने हसायचो. संघाने काही केलं नाही. मोठ्या माणसांना आपल्यावर कुणी हसतंय हे कळायला वेळ लागतो. जवळच्या माणसांपैकी कुणी सांगत नाही ना.

मग सदू पडला.

त्या वर्षी बाळाराम सदूच्या बरोबरीने चालला होता. मी त्यांच्या मागे, बराच मागे होतो. खालापूर सोडून चौकाकडे येताना मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ट्रक धावत असत. रस्ता बंद ठेवायचा, निदान कुणीतरी निशाण घेऊन पुढे राहायचं, असं आम्ही दरवर्षी म्हणत होतो. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडायला बाहेर आला, सदूने सायकल कडेला घातली आणि तो मोरीच्या कठड्यावर आपटला.

मी पोहोचलो तेव्हा बाळाराम रस्त्याच्या कडेला बसला होता. सदूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. सदूची उजवी मांडी ज्या बाजूला वळू नये त्या बाजूला वळली होती. बाळारामने आपला पंचा जखमेवर दाबून धरला होता आणि तो भिजत चालला होता. 'पाणी पुढच्या वर्षी'मधलं 'पाणी' अजून वाचता येत होतं. सदू शुद्धीत होता. म्हणाला, "दादा, तुमी जा. आज तुमचा नंबर हाय."

"गप ऱ्हा," बाळाराम म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "जीप कुठाय?"

दोन्ही जिपा केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. मी वेड्यासारखा चौकापर्यंत सायकल मारली. तिथे कळलं की साहेबमंडळी चहाला गेली आहेत, कुठे ते माहीत नाही. मी परत आलो तर बाळारामने गवताचा एक ट्रक रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला होता. गवतावर सदूला घातलं. बाळाराम त्याच्या शेजारी बसला आणि ट्रक पनवेलकडे गेला. त्याची सायकल मी मोरीला टेकवून ठेवली.

त्या दिवशी पहिला कोण आला मला आठवत नाही.

सदूचा पाय वाचला, पण आखूड झाला. गिरणीने त्याला गेटवर बसायचं काम दिलं. तो पुढेही हसायचा, पण आता हसताना माणसाकडे बघायचा नाही.

मी भिसेगावला गेलो तेव्हा वहिनी फिल्म आणि पातं घेऊन बसल्या होत्या आणि बाळाराम समोर कोरा कागद घेऊन बसला होता. तो काही लिहीत नव्हता. चहा झाला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमाला काय पायजे ते ल्हिवा ना. हसायचं नको."

त्याने लिहिलं: एक जीप रिकामी ठेवा.

वहिनींनी एक अक्षरही कमी केलं नाही.

तो पंचा बाजारात आला आणि लोक हसले. मी स्वतः पाहिलं. एका माणसाने तो उलगडला, मोठ्याने वाचला आणि शेजारच्याला कोपर मारून म्हणाला, "बघ, भोईराचा नवा निघाला." दोघे खो खो हसले. बाळाराम तिथेच उभा होता. त्याने पंचा घडी करून त्यांच्या हातात दिला. परत येताना तो म्हणाला, "चूक त्यांची नाय रं. मीच त्यांना सवय लावली." आणि मग खूप वेळाने, "आता मी खरं बोललो तरी हसतील."

सगळ्या तालुक्यात त्या पंच्यावर एकच माणूस हसला नाही. तो म्हणजे अध्यक्ष. त्यांनी बाळारामला संघाच्या कचेरीत बोलावणं पाठवलं.

कचेरी कर्जतच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर होती. बाळारामने मला बरोबर नेलं. "तू साताऱ्याचा, तुजं बोलनं शुद्ध हाय. येळ आली तं सांगशील," म्हणाला. वेळ आली नाही. टेबलावर सगळे पंचे ओळीने मांडून ठेवले होते. शिपायाने त्यांना इस्त्रीसुद्धा केली होती. इतके छान ते मी कधी पाहिले नव्हते.

अध्यक्षांनी एक पंचा बोटाने पुढे सरकवला. "'घाम आमचा, हार त्यांचा.' हे काय आहे?"

"पंचा हाय, साहेब."

"ते दिसतंय मला. अर्थ विचारतोय. हार म्हणजे फुलांचा, की पराभव म्हणायचंय तुम्हाला?"

"तुमी गळ्यात घालून बघा. जड लागला तं दुसरा."

सेक्रेटरींना खोकला आला. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं तसा तो थांबला. "तुम्ही आपल्या खेळाची बदनामी करताय, भोईर," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरच्या जिल्ह्यांतले लोक विचारतात."

"सायकल मीच मारतो, साहेब. माज्या खेळाची बदनामी मी कशाला करीन?"

मग अध्यक्षांनी शेवटचा, रिकाम्या जीपचा पंचा उचलला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून वाचला. "हा विनोद मला कळला नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आधीचा ताठा नव्हता.

"तो विनोद नाय."

खाली दुकानात कुणीतरी तांदळाचा भाव करत होतं, ते ऐकू येत होतं. अध्यक्षांनी पंचा खाली ठेवला, त्याची घडी हाताने नीट केली आणि मान वर न करता म्हणाले, "लेखी माफी द्या. तोपर्यंत तुम्हाला संघाच्या शर्यतीत भाग घेता येणार नाही."

"माफी पंच्यावर छापून दिली तं चालंल?" बाळारामने विचारलं. तो थट्टा करत होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचा चेहरा नेहमीसारखाच दमलेला होता.

"कागदावर," अध्यक्ष म्हणाले.

जिना उतरल्यावर मी म्हटलं, "द्या लिहून, दादा. एका ओळीचं काम आहे." घरी वहिनीही तेच म्हणाल्या, "ल्हिवा ना. शर्यतीबिगर तुमी काय करनार?" तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "ल्हिलं असतं गं. पन माफी मागायची म्हंजे सदूचा पाय खोटा होतो."

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही शर्यतीला उभे राहिलो. खरं सांगायचं तर बाकीच्यांचाही उत्साह आटला होता. काहींनी पंचे घरी ठेवले, काहींनी आतून बांधले. बाळारामने त्या दिवशी मुद्दाम पहिली पाळी मागून घेतली होती. खोपोलीला, खालापूरला आणि चौकाला पाण्याची पिंपं ठेवलेली होती, प्रत्येकावर संघाचं नाव रंगवलेलं. आणि सगळ्यांत मागे एक जीप होती. तिच्यात ड्रायव्हर आणि एक कंपाउंडर, बाकी काही नाही. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की खेळाडूंच्या सुरक्षेसाठी संघाने स्वतःहून ही पावलं उचलली आहेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाणी प्यायलो होतो, वाजवायलाच हव्यात.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये बाळाराम माझ्या समोर येऊन बसला. त्याने चहा बशीत ओतून घेतला.

"पानी होतं?"

"होतं."

"गार होतं का?"

"नाही. तापलं होतं."

"मग ठीक हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, संघ बदलला का काय." मग उसासा टाकून, "आन् जीप?"

"होती. सगळ्यांत मागे."

"रिकामी?"

"रिकामी."

त्याने चहा संपवला. त्याचे डोळे भरले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्याने मिशी पुसली आणि भोंगा व्हायच्या आधीच कामावर गेला. तो भोंग्याच्या आधी कधी उठत नसे.

पंचे त्यानंतर निघाले नाहीत. लोक विचारत, "नवा कधी काढताय?" तो म्हणायचा, "आता काय ल्हिवू? होतं ते संपलं." शर्यतीत तो परत उतरला नाही. मधे एकदा सेक्रेटरी त्याच्या घरी येऊन गेले. म्हणाले, अध्यक्ष बदललेत, नव्यांना जुनं काही माहीत नाही, तुम्ही नुसता अर्ज भरा. बाळारामने त्यांना चहा पाजला, वहिनींनी पोह्याचे पापड तळले, आणि अर्ज काही भरला गेला नाही. सेक्रेटरी थकले होते. जाताना ओटीवर बसून चपला घालता घालता म्हणाले, "भोईर, तुमच्यामुळे माझं एक काम झालं. मी दरवर्षी पाणी मागत होतो हो. मला पण देत नव्हते." बाळाराम त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

भिसेगाव ते रसायनी मात्र चालूच राहिलं. पावसात, उन्हात, पहिली पाळी, तिसरी पाळी. कधी सुटल्यावर त्याच्याबरोबर निघालो तर चढावर मी त्याला गाठायचा प्रयत्न करायचो आणि चौकापर्यंत माझा दम जायचा. शर्यत म्हणून नाही, नोकरी म्हणून तो तेवढं अंतर त्याच वेगाने मारत राहिला. केस पिकले, मुलगी सासरी गेली, तो रिटायर झाला. कॉलनीतून बाहेर पडलं की तो रस्त्यात दिसायचा, तेही मग बंद झालं.

शेवटचं पाहिलं ते चौकाच्या नाक्यावर. मी कुणाची तरी वाट बघत उभा होतो. पनवेलची एसटी लागली होती आणि बाळाराम यमुनावहिनींचा हात धरून त्यांना चढवत होता. वहिनींच्या डोळ्यांचं काहीतरी निघालं होतं, दवाखान्यात चालले होते. "सातारकर, बरा हायस का?" त्याने दारातूनच विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. "पोरं?" तीही बरी आहेत. कंडक्टरने घंटी मारली. त्याने वहिनींना खिडकीशी बसवलं, त्यांचा पदर नीट केला, आणि शेजारी बसला.

सदूला नेलं तो गवताचा ट्रक सोडला तर दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या गाडीत बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. त्याला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. आधी पुढच्या सीटचा दांडा धरला, मग सोडला, मग मांडीवर ठेवले. गाडी हलली. मी हात वर केला, पण त्याने पाहिलं नाही. गाडी वळेपर्यंत त्याची मान वहिनींच्या खांद्यावर कलली होती, आणि तो झोपला होता.